आकडे उड्या मारत असतील, तर आधी क्रोनोग्राफवर संशय घ्या

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: एअर रायफलच्या छर्ऱ्याचा वेग मोजायला प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ घ्यावा की रडारवर चालणारा, आणि उसना आणलेला क्रोनोग्राफ प्रत्येक शॉटला निराळा आकडा दाखवतो, म्हणजे रायफल बिघडली आहे का. दुसऱ्या प्रश्नापायी मी एक धडधाकट रायफल विनाकारण उघडली होती, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

बंदिस्त रेंजवर, ट्यूबलाइटच्या उजेडात, माझ्या रायफलचे आकडे 168, 173, 159 आणि मधेच 214 मीटर प्रति सेकंद असे येऊ लागले. आमच्यातील एका ज्येष्ठ नेमबाजांनी रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, गेल्याचा निकाल तत्काळ दिला. 0.53 ग्रॅमच्या छर्ऱ्याची ऊर्जा 170 च्या वेगाला सुमारे 7.7 जूल असते आणि 214 ला ती 12 जूलवर जाते; दमलेला रेग्युलेटर एवढी जादा ऊर्जा एकाच शॉटपुरती कोठून आणणार, हा प्रश्न तेव्हा मलाही पडला नाही. मी रेग्युलेटरची सील बदलली. आकडे तसेच राहिले.

प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ छर्ऱ्याची सावली पडून उजेड क्षणभर कमी होण्याची वाट पाहत असतो, आणि 50 हर्ट्झच्या विजेवर चालणारी जुनी ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा मंदावते. ट्यूबलाइट मालवून तारेचा जुना बल्ब लावला, तेव्हा दहाही शॉटच्या वेगांतील फरक 3 मीटर प्रति सेकंदाच्या आत आला. ज्येष्ठांचे म्हणणे असे की नवी सील आता बसली. मी जुनी सील परत घातली आणि बल्बच्या उजेडात पुन्हा दहा शॉट मारले. फरक तेवढाच आला. त्यावर ते म्हणाले की यंत्रे काहीही सांगोत, खरे ते निशाण्याचा कागदच सांगतो.

हे मला मान्य आहे. 10 मीटरवर 170 च्या वेगाचा छर्रा सुमारे 17 मिलिमीटर खाली येतो आणि 214 चा जेमतेम 11, म्हणजे तो शॉट इतरांपेक्षा 6 मिलिमीटर वर लागायला हवा होता. माझ्या कागदावर मात्र सगळ्या शॉटचे मिळून एकच छिद्र होते, आणि तो कागद त्यांनी स्वतः हातात धरून पाहिला होता.

खरेदीचे म्हणाल, तर ऐपत असेल तर रडार घ्यावा: त्याला उजेडाशी कर्तव्य नसते आणि तो गोळीच्या वाटेतही येत नाही. मात्र शेजारच्या नेमबाजाचा शॉट तो आपला म्हणून नोंदवू शकतो. प्रकाशाचा घेतल्यास छर्रा दोन्ही सेन्सरांवरून समांतर जाईल असा मांडावा, कारण तिरका गेल्यास वेग कमी दिसतो. हे सारे एअर रायफलपुरते आहे. दारूच्या बंदुकीसाठी प्रकाशाचा क्रोनोग्राफ नळीपासून तीन-चार मीटर पुढे ठेवावा लागतो, नाहीतर स्फोटाचा धक्काच गोळी म्हणून मोजला जातो.