राजगड-तोरणा-रायगड गाईडशिवाय, फोनवरच्या ट्रॅकवर जमेल का?

तुम्ही तिघं आहात, डिसेंबरात जाताय, ट्रॅक फोनमध्ये उतरवून घेतलाय, मग वाटाड्या कशाला, असं तुम्ही विचारलंय. राजगड ते तोरणा खुशाल जा. तोरण्यापुढे मात्र नुसत्या फोनवर विसंबू नका. मी दोनदा गेलोय, आणि पहिल्यांदा तुमच्याच हिशोबाने.

राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरलात की तोरण्याकडची धार समोर असते. मध्ये डांबरी रस्ता आडवा येतो, मग तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत चढ. वाट मळलेली आहे, चुकायचं तर मुद्दाम चुकावं लागेल.

आम्ही चुकलो ते दुसऱ्या दिवशी, बुधल्याकडून भट्टी गावाच्या बाजूला उतरताना. फोन म्हणे वाट 30 मीटर उजवीकडे. उजवीकडे सरकलो, वाळलं गवत बुटाखाली सटकायला लागलं आणि दहा पावलांत जमीनच संपली. वाट तिथेच होती, फक्त एक मजला खाली!

मजला हा शब्द मी गमतीने वापरत नाहीये. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर साचत गेला. टणक थराचा झाला कडा, ठिसूळ थर झिजून झाला पदर, म्हणजे कड्यांमधला आडवा टप्पा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा लाल पट्टा दिसतो, बोटाने खरवडला तर भुगा हातात येतो. त्यामुळे सह्याद्रीत 'मी कुठे आहे' यापेक्षा 'कितव्या पदरावर आहे' हे आधी कळायला हवं. नकाशावरचा निळा ठिपका ते सांगत नाही. टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशावरही, समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा 20 मीटर उंचीच्या फरकाने असतात, 15 मीटरचा कातळ दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो.

म्हणून कड्यावर येऊन ठेपलात तर 'इथूनच उतरू, खाली वाट दिसतेय' हे डोक्यातून काढा. एका पदरावरून दुसऱ्यावर जायला सोंड (डोंगराची उतरती धार) किंवा नाळ (कड्यातली अरुंद घळ) लागते. आल्या पावली सोंडेच्या माथ्यावर परत या. आम्हाला परत चढायला पाऊण तास लागला, शिव्या वेगळ्या.

ढोरवाटा ओळखायला शिका. त्या एकाच उंचीवर आडव्या, चार-पाच समांतर जातात आणि गवतात विरतात. माणसांची वाट कातळावर कळते: पाय ठेवायच्या जागा घासून गुळगुळीत झालेल्या असतात. (बिस्किटाचे पुडेही दिसतात, पण त्याबद्दल न बोललेलं बरं.)

खरी मेख मोहरी गावानंतर. घाटमाथा तिथे संपतो आणि कोकणात उतरायचं ते नाळेतून. बोराट्याची नाळ म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांची घळ, आणि लिंगाणा किल्ल्याच्या खिंडीकडे जायचं तर नाळ मध्येच सोडून आडवं वळावं लागतं. ते वळण हुकलं की नुसते खाली खाली जात राहता. दोन्हीकडे उंच भिंती असल्याने जीपीएसचा ठिपका तिथे उड्या मारतो. जवळच्या सिंगापूर गावाची नाळ त्या मानाने सोपी. पाठीवर जड सॅक असेल तर मी तीच घेईन.

वाटाड्या तीन दिवसांचा नको, मोहरी किंवा सिंगापुरातून फक्त नाळेपुरता घ्या, आणि पैसे आधी ठरवा. गावात विचारताना 'मामा, रायगडची वाट कुठली?' असं विचारू नका, मामा त्यांच्या पायांच्या हिशोबाने सांगतील. 'बायका-पोरं कोकणात कुठून उतरतात?' असं विचारा. आणि 'हे काय, तासाभराचं' म्हणाले तर अडीच तास धरा.

पाणी मोहरीतच भरून घ्या, नाळेत मिळेल या आशेवर राहू नका. दुपारी दोननंतर नाळेत शिरू नका, गावात मुक्काम करा. खाली पाने गावात पोचलात की रायगड समोर उभा असतो, मग फोन खिशात टाकला तरी चालेल.