पिशवी उघडण्याआधी विचारायचा प्रश्न

बडोदे, जून २०२६

बाळ, अनेक आशीर्वाद.

दांडिया बाजारातल्या ऑफिसात इन्कम टॅक्स रिटर्नच्या सीझनला तू यंदा पहिल्यांदाच बसते आहेस. पोर्टल कसं चालवायचं हे कोणी शिकवायची गरज पडणार नाही, चार दिवसांत हात बसेल. शिकावं लागतं ते प्रश्न विचारायला. माणूस पिशवीतून फॉर्म १६, म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, काढतो, टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, “एवढंच आहे, भरून टाक.” अशा वेळी लॅपटॉपकडे वळू नकोस. आधी विचार: “गेल्या एप्रिलपासून मार्चपर्यंत घरात काय काय बदललं?” नोकरी बदलली का, कोणी निवृत्त झालं का, मुलगा परदेशी गेला का, घर घेतलं-विकलं का, घरातलं कोणी गेलं का. बेरीज आता यंत्र करतं, तिथे चूक होत नाही. चूक होते ती न विचारलेल्या गोष्टीत.

यंदाचं रिटर्न २०२५-२६ या वर्षाचं, म्हणून ते १९६१ च्याच कायद्याने भरायचं. नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, तो पुढच्या वर्षाच्या उत्पन्नासाठी. लोक दोन्हींची गल्लत करतील, तू करू नकोस. आणि १५ जूनच्या आधी कोणाचंही रिटर्न घाईने भरू नकोस. कंपन्या आणि बँका शेवटच्या तिमाहीचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, ३१ मेपर्यंत दाखवतात, त्यानंतर तो पोर्टलवरच्या २६एएस (कापलेल्या कराचा उतारा) आणि एआयएसमध्ये (वर्षभराच्या व्यवहारांचा उतारा) उतरतो. हे दोन्ही कागद उतरवून घे, फॉर्म १६ शेजारी ठेव, आणि एकेक ओळ पेन्सिलने टिक करत जा.

सगळ्यात जास्त गोंधळ नोकरी बदलणाऱ्यांचा असतो, म्हणून तो नीट समजून घे. समज, एक मुलगा सप्टेंबरपर्यंत मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात होता, सहा महिन्यांत ६ लाख पगार. ऑक्टोबरपासून दुसरीकडे लागला, तिथे मार्चपर्यंत ८ लाख. पहिल्या कंपनीने वर्षाचे १२ लाख धरले, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढली, कर शून्य. दुसरीला आधीच्या पगाराचा पत्ताच नाही. तिने ८ लाखांतून पुन्हा तेच ७५ हजार वजा केले, पुन्हा कर शून्य. दोन्ही फॉर्म १६ वर टीडीएस नाही, मुलगा खुशीत. आता बेरीज कर: १४ लाख, वजावट एकदाच, करपात्र १३ लाख २५ हजार. नव्या करपद्धतीने (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४० हजार, वरच्या सव्वा लाखावर १५ टक्के म्हणजे १८,७५०. एकूण ७८,७५०, त्यावर ४ टक्के सेस, झाले ८१,९००. शिवाय अ‍ॅडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर) भरला नाही म्हणून २३४बी आणि २३४सी कलमांचं व्याज. हे पैसे त्याला जुलैत एकरकमी भरावे लागतात, आणि तोवर ते खर्च झालेले असतात. यावर उपाय नोकरी बदलतानाच असतो: जुन्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला लेखी द्यायचा (१९६१ च्या कायद्यात त्यासाठी फॉर्म १२बी होता). यंदाचं रिटर्न भरतानाच हे त्याच्या कानावर घालून ठेव, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

“१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही” हे वाक्य तुला दिवसातून वीसदा ऐकू येईल. ते अर्धंच खरं आहे. स्लॅब ४ लाखांपासूनच सुरू होतो, १२ लाखांपर्यंतचा कर ८७ए च्या रिबेटने माफ होतो. हा फरक शेअर विकणाऱ्यांच्या बाबतीत अंगावर येतो. पगार ९ लाख आणि वर्षाच्या आत विकलेल्या शेअरवर नफा १ लाख असेल, तर पगारावरचा कर रिबेटमध्ये जातो, पण त्या १ लाखावर २० टक्के आणि सेस मिळून २०,८०० द्यावेच लागतात. अल्पकालीन नफ्याला रिबेट नाही. वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या शेअरवर सव्वा लाखापर्यंत नफा माफ आहे, पुढे साडेबारा टक्के. आणि ज्याचं करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या थोडं वर गेलंय तो घाबरून येईल, त्याला धीर दे. १२ लाख १० हजारांवर ६१,५०० कर निघत असला तरी वर गेलेल्या १० हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, १० हजार आणि सेस एवढाच.

जुनी की नवी पद्धत, यावर फार वेळ घालवू नकोस. पोर्टलवर दोन्ही आकडे समोर दिसतात. गृहकर्जाचं व्याज, पीएफ, विमा आणि घरभाडं हे सगळं एकदम असेल तरच जुनी परवडते. मात्र ३१ जुलै चुकली की पगारदाराला त्या वर्षी जुनी पद्धत मिळतच नाही, तेव्हा अशांची रिटर्नं आधी हातात घे. घरभाड्याच्या वजावटीत बडोदा ४० टक्क्यांत येतं, ५० नव्हे; मुंबईहून बदलून आलेल्यांच्या हिशेबात हे तपास. वडिलांना भाडं देऊन वजावट घेता येते, पण तीन गोष्टी खऱ्या असायला हव्यात: घर वडिलांच्या नावावर, भाडं दर महिन्याला बँकेतून, आणि वडिलांच्या रिटर्नमध्ये तेच भाडं उत्पन्न म्हणून. वडिलांना त्यातून ३० टक्के वजा मिळतात, त्यामुळे बहुतेक घरांत ते झेपतं. मार्चमध्ये एकदम बारा पावत्या लिहून आणणाऱ्याला सरळ नाही म्हण.

क्लासेसमध्ये शिकवणारे येतील. त्यांना पगार नसतो, १९४जे कलमाखाली टीडीएस कापून पैसे मिळतात. त्यांचं उत्पन्न ४४एडीए कलमात, म्हणजे खर्चाचा हिशेब न देता, जमेच्या निम्मं दाखवून मोकळं व्हायचा मोह होतो. त्या कलमातली यादी वाच: वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट वगैरे. शिक्षक त्यात नाहीत. त्यांच्याकडून वर्षाची जमा आणि खर्च साध्या वहीत लिहून घे. विमा एजंटांचंही तसंच, कमिशनला ४४एडी (धंद्यासाठीची तशीच सवलत) लागू नाही. घरून डिझाइनचं काम करणारा इंजिनिअर मात्र ४४एडीएत बसतो. त्याला सांग की त्याचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स चार हप्त्यांऐवजी १५ मार्चला एकदाच भरला तरी चालतो.

आता काका-काकू मंडळी. त्यांच्यासाठी वेळ राखून ठेव, कारण ती मंडळी कागद सगळे आणतात, पण सांगत काही नाहीत. रिफायनरीतून किंवा अशाच सरकारी कंपनीतून निवृत्त झालेला माणूस स्वतःला सरकारी नोकर समजतो. इन्कम टॅक्सच्या लेखी तो सरकारी नोकर नाही. त्याची ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि निवृत्तीच्या वेळची रजेची रक्कम २५ लाखांपर्यंतच माफ आहे, वरचं करपात्र. नोकरीत असताना विकलेली रजा तर पूर्ण करपात्र.

एफडीचं व्याज हा दुसरा खड्डा. पाच वर्षांची क्युम्युलेटिव्ह एफडी असेल तर काका म्हणतात, “पैसे हातात आले की दाखवू.” बँक मात्र दर वर्षी व्याज मोजून टीडीएस कापते आणि एआयएसमध्ये टाकते. दर वर्षीचं व्याज त्या त्या वर्षी दाखव, नाहीतर शेवटच्या वर्षी सगळं एकदम अंगावर येतं आणि आधीचा टीडीएस वाया जातो. साठीच्या पुढच्यांचा टीडीएस बँकेत १ लाखाच्या वर व्याज गेलं की सुरू होतो. करच शून्य निघत असेल तर एप्रिलमध्येच प्रत्येक बँकेत टीडीएस कापू नका असं सांगणारा वेगळा फॉर्म द्यायचा (१९६१ च्या कायद्यातला १५एच). एका बँकेत दिला म्हणजे सगळीकडे झाला, हा समज काढून टाक. आणि १५एच दिला म्हणजे रिटर्न टळलं असं नाही. पेन्शन ६ लाख आणि व्याज ३ लाख असलेल्या काकांना नव्या पद्धतीने कर शून्य, तरी उत्पन्न ४ लाखांच्या वर असल्यामुळे रिटर्न भरायचंच. एक दिलासा त्यांना जरूर सांग: साठी ओलांडलेल्या आणि धंदा नसलेल्या माणसाला अ‍ॅडव्हान्स टॅक्स नाही, जुलैत भरला तरी त्यापोटी व्याज लागत नाही.

काकू फॅमिली पेन्शन घेत असतील तर ती पगारात टाकू नकोस. पतीचं पेन्शन पगारात येत होतं आणि ७५ हजारांची वजावट मिळत होती. पत्नीला मिळणारं फॅमिली पेन्शन इतर उत्पन्नात येतं, त्यातून एक तृतीयांश किंवा २५ हजार, जे कमी ते वजा. जुन्या पद्धतीत २५ च्या जागी १५ हजार.

बडोद्यात घरटी कोणीतरी बाहेर असतं, तेव्हा हे पक्कं कर. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मुलाचा पासपोर्ट बघ, तोंडी तारीख घेऊ नकोस. २८ सप्टेंबरला निघाला तर भारतातले १८१ दिवस, म्हणजे १८२ च्या आत, तो त्या वर्षी अनिवासी (एनआरआय). २ ऑक्टोबरला निघाला तर १८५ दिवस, तो निवासी, आणि मार्चपर्यंतचा तिकडचा पगारही इथे दाखवायचा. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, त्यासाठी फॉर्म ६७. शिकायला गेलेल्याला १८२ दिवसांची ही सवलत लागू नाही, तिला ‘नोकरीसाठी’ ही अट आहे. अनिवासी झाल्यावर जुनं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं इथलं खातं) करून घ्यायला सांग. त्याला रिबेट मिळत नाही, १५एच देता येत नाही, आणि एनआरओ एफडीवर ३० टक्के आणि सेस कापला जातो.

अशा अनिवासी माणसाकडून कोणी फ्लॅट घेत असेल तर मात्र सगळं काम थांबवून लक्ष दे. निवासी माणसाकडून ५० लाखांचं किंवा त्यावरचं घर घेताना १ टक्का टीडीएस असतो, सगळ्यांना तेवढंच ठाऊक असतं. विकणारा अनिवासी असेल तर वेगळं कलम लागतं (१९६१ च्या कायद्यात ते १९५ होतं). घर दोन वर्षांपेक्षा जुनं असलं तर साडेबारा टक्के आणि सेस मिळून १३ टक्के, अधिभार लागला तर तो वेगळा, आणि ५० लाखांची सूटही नाही. अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र नसेल तर हे नफ्यावर न कापता पूर्ण किमतीवर कापलं जातं. ६० लाखांच्या फ्लॅटवर ६० हजार कापायचे की अधिभार सोडूनच ७ लाख ८० हजार, असा हा फरक आहे. कमी कापले तर उरलेली रक्कम आणि व्याज घेणाऱ्याकडून वसूल होतं, विकणारा तोवर कॅनडात. म्हणून बाणाखतावर (विक्रीच्या करारावर) सही होण्याआधी विकणाऱ्याने अर्ज करून (१९६१ च्या कायद्यात फॉर्म १३) कमी टीडीएसचं प्रमाणपत्र काढावं, असं दोन्ही बाजूंना सांग.

बायकोच्या नावावर एफडी करणारे बरेच. पैसे नवऱ्याने दिले असतील तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात. सुनेच्या नावावर ठेवले तरी सासऱ्याच्या उत्पन्नात. आईवडिलांना दिलेल्या पैशांवरचं व्याज मात्र त्यांचंच.

घरातलं माणूस गेलेलं असेल तर त्या बाईला पहिल्याच भेटीत कागदांची यादी वाचून दाखवू नकोस, घरी लिहून पाठव: मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन, वारसाचा पुरावा. पोर्टलवर आधी वारस म्हणून नोंद करावी लागते. मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न त्यांच्या पॅनवर, वारस म्हणून भरायचं. त्यानंतरचं व्याज-भाडं ज्याला मिळालं त्याच्या रिटर्नमध्ये. बँकेला लवकर कळवलं नाही तर पुढचाही टीडीएस गेलेल्या माणसाच्याच पॅनवर चढत राहतो आणि तो परत मिळवताना त्या घराला फार हेलपाटे पडतात.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. “अमुक एजंट रिफंड काढून देतो, तू का नाही देत?” असं म्हणणारे येतील. तो एजंट न दिलेली राजकीय देणगी, नसलेलं आजारपण, न भरलेलं भाडं दाखवतो आणि रिफंडातून आपला हिस्सा घेऊन जातो. नोटीस येते ती पगारदाराला. खोटी माहिती दिल्याचा दंड कराच्या २०० टक्के आहे, त्यावर व्याज वेगळं. कोणी आधीच असं केलेलं असेल तर त्याला रागावू नकोस, वाट दाखव. चार वर्षांपर्यंत अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, भरता येतं; पहिल्या वर्षात कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, मग ५०, ६० आणि ७०. नोटीस येण्याआधी आलेला माणूस दंडातून सुटतो, त्याला आजच बसव.

तुझा,
काका

ता. क. पोर्टलवर ग्राहकाचाच मोबाइल आणि ईमेल ठेव, ऑफिसचा कधीच टाकू नकोस. नोटीस त्याला कळलीच पाहिजे. रिटर्न भरलं की आधार ओटीपीने व्हेरिफाय केल्याशिवाय त्याला उठू देऊ नकोस. ३० दिवस उलटून व्हेरिफाय केलं तर ज्या दिवशी केलं तीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात, आणि ती मुदतीच्या पुढे गेली तर वेळेत भरूनही ५ हजार लेट फी लागते. उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार.