मैत्रिणीला सुतक नसतं

प्रश्न: ताई, माझी शाळेपासूनची मैत्रीण फेब्रुवारीत गेली. ब्रेस्ट कॅन्सर, कळलं तेव्हाच चौथी स्टेज. शेवटचे तीन आठवडे मी तिच्याकडे गेलेच नाही, जमलं नाही असं सगळ्यांना सांगते पण खरं तर मला तिला तसं बघवणार नव्हतं. तिचे व्हॉइस मेसेज रोज रात्री ऐकते आणि रडते. नवरा म्हणतो डिलीट कर, तुझी सख्खी बहीण होती का. तिच्या आईसमोर जायचं धाडस होत नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: डिलीट करू नकोस. हे आधी, बाकीचं मग. उलट आजच त्या व्हॉट्सअॅप चॅटमधे जाऊन एक्स्पोर्ट चॅट कर, मीडियासकट, आणि लॅपटॉपवर ठेव. माझा फोन बंद पडला तेव्हा बॅकअप नव्हता, अर्धे मेसेज गेले ते गेलेच, अजून चुटपुट लागते.

माझी मैत्रीण सोलापूरची, २०१६ मधे गेली. परळला टाटाला ट्रीटमेंट चालू होती, ती आणि तिचा भाऊ दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचे आणि मी डोंबिवलीहून दर शनिवारी डबा घेऊन जायचे. केमोनंतर तिला स्टीलचा चमचा तोंडात घातला की गंज चाटल्यासारखं लागायचं, म्हणून मी आइस्क्रीमचे ते चपटे लाकडी चमचे न्यायचे, त्यानेच दहीभात, वाटीभर भाताला अर्धा तास. त्यातला एक चमचा अजून माझ्या पर्समधे आहे.

ती गेली तेव्हा ऑफिसात सुट्टी मागितली तर साहेब म्हणाले, नात्यातलं कोण होतं? काय सांगणार गं. मैत्रिणीला सुतक नसतं, दहावं-तेरावं तिच्या घरचे करतात, आपल्या दारात चप्पल काढून भेटायला कोणी येत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी आपण पोरांचे डबे भरत असतो. घरच्यांना निदान ते तेरा दिवस मिळतात, लोक येऊन बसतात, शेवटी काय झालं ते दहादा सांगून होतं आणि सांगून सांगूनच थोडं हलकं होतं. तुझं ते सांगणं झालेलंच नाही, ते आता रोज रात्री होतंय. नवऱ्याला हेच सांग, सख्खी बहीण असती तर लोक आले असते माझ्याकडे. आणि त्याला शेजारी बसवून एखादा मेसेज ऐकव.

त्या तीन आठवड्यांचं, त्याला मी 'जाऊदे गं' म्हणणार नाही, तुला ते पटायचं नाही. ते तिच्या आईला सांग, समोर बसून. रागावतील कदाचित, रागावू दे. मी मैत्रिणीच्या आईकडे चार महिन्यांनी गेले, त्यांनी एवढे दिवस का नाही आलीस हे विचारलंच नाही, चहा टाकता टाकता म्हणाल्या, हॉस्टेलला ती काय काय करायची सांग ना. घरात तिचं नाव घ्यायलाच सगळे घाबरत होते. आईला माहीत नसलेली मुलगी फक्त आपल्याकडे असते गं. मेसेज मात्र एकदम लावू नकोस, आधी विचार ऐकवू का, काहींना आवाज सहन होत नाही.

तिच्या वाढदिवसाला मी ब्लड बँकेत प्लेटलेट्स देते. केमोने पेशंटच्या प्लेटलेट्स खाली येतात, आणि दिलेल्या पाचेक दिवसच टिकतात त्यामुळे सतत लागतात. मशीन तेवढ्या प्लेटलेट्स काढून घेतं, बाकी रक्त परत आपल्यात येतं, तास-दीड तास जातो. तेवढा वेळ मी फक्त तिचाच विचार करते, दुसरं काही करताच येत नाही, हात बांधलेला असतो. तुला जमत असेल तर तिथे आधी विचारून ये.

पण त्याआधी काकूंकडे. या रविवारीच जा, आणि फोन करून जाऊ नकोस, फोन केलास की काहीतरी कारण काढशील.