आधी जास्त, मग कमी

"ताई, प्लेटलेट ५ लाख २० हजार. म्हणजे आईचं आयुष्य कमी, हो ना?"

बसायच्या आधीच त्यानं मोबाइल पुढे केला. रामबागेतलं कुटुंब, आईला अंडाशयाचा कॅन्सर, पुढच्या आठवड्यात केमो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) इंदूरला या खोलीत बसून हा प्रश्न मी कितीदा ऐकलाय. रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी मोबाइलवर येतो, आणि पुढची रात्र गूगलची.

वाचलेलं चूक नव्हतं. २०१२ साली अमेरिकेत अशा ६१९ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या ३१ टक्के बायकांच्या प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर होत्या, आणि एकंदरीत त्या कमी जगल्या. गाठीतून निघणारं इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन लिव्हरला चेतवतं, लिव्हर थ्रोम्बोपोएटिन हे प्लेटलेट वाढवणारं संप्रेरक जास्त बनवतं, मग अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, प्लेटलेट काढत सुटते. पण ही गोष्ट झाली घोळक्याची. एकीचं पुढे काय होणार, ते आजाराची स्टेज, ऑपरेशनमध्ये किती गाठ निघाली, केमोला ती किती दाद देते, यावरही ठरतं. शिवाय त्याच रिपोर्टच्या पहिल्या ओळीत हिमोग्लोबिन ९ होतं. हे कमीच, आणि लोह कमी पडल्यानंही प्लेटलेट वाढतात. ती ओळ त्यानं वाचलीच नव्हती. त्याची नजर ठळक छापलेल्या आकड्यावर.

मी सरासरी म्हणजे काय ते समजावत बसले. चूक माझीच. त्यानं निमूट ऐकलं नि म्हणाला, "ते ठीक. पण बहिणीचं लग्न मेमध्ये धरलंय. अलीकडे ओढायचं का?"

घ्या! हा खरा प्रश्न.

"आईला विचारलंस?"

"तिला कसं विचारू?"

काकू बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, प्लेटलेटचा अर्थ विचारण्यापेक्षा डॉक्टरांना मेबद्दल सरळ विचार, आणि आईसमोर विचार. जाता जाता तो ॲस्पिरिनचं बोलला, रक्त पातळ राहतं म्हणून. स्वतःच्या मनानं अजिबात नाही! केमोनं प्लेटलेट उतरल्या की तीच गोळी रक्तस्राव वाढवते. मात्र एकाच पायाला सूज आली किंवा अचानक धाप लागली, तर गुठळीची शंका धरून लगेच दवाखाना गाठायचा, हे त्याला लिहून दिलं.

केमोनंतर दोन आठवड्यांनी दोघं आले. आता आकडा ९२ हजार. शेजारच्यांनी पपईच्या पानांचा रस आणून दिलेला, काकूंनी तो तुळशीत ओतलेला.

"आधी जास्त म्हणून रडला, आता कमी म्हणून," काकू म्हणाल्या. "तुम्हीच सांगा हो याला."

सांगितलं: कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधानं अस्थिमज्जा काही दिवस दबते, पुढच्या सायकलपर्यंत आकडा बहुधा सावरतो. तोवर हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर लाल ठिपके, ताप, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. तो वहीत उतरवून घेत होता. प्लेटलेटचा रकाना लाल शाईत, पट्टीनं आखलेला.

काकूंनी डॉक्टरांना भलतंच विचारलं होतं: "हळदीच्या आठवड्यात सलाइन नको, जमेल का?" दोन-चार दिवस मागं-पुढं करू, म्हणाले. लग्न मेमध्येच आहे.