एफडी मोडून कंबोडियाला जाऊ का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, कोथरूड. बावीस वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी, हातात पगार १,१५,०००. घराचा हप्ता आणि खर्च मिळून महिना ८०,०००. सोबत पंच्याहत्तरीची आई. सात लाखांची एफडी मोडून, दोन महिने बिनपगारी रजा घेऊन कंबोडियातल्या अनाथालयात सेवा करायची आहे. एजन्सीची फी २,४०,०००, पैकी २५,००० भरलेत, ते परत मिळणार नाहीत. ‘एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडावं असं वाटतं. परवडेल का?’

मॅडम, तुम्ही फक्त फी धरलीत. तिकीट, व्हिसा, लसी, प्रवास विमा आणि वरखर्चाचे ९०,००० तरी धरा. पगार थांबला म्हणून हप्ता थांबत नाही, आईची औषधंही नाहीत. ते आणखी १,६०,०००. म्हणजे भरलेले २५,००० वगळले तरी एफडीतून ४,६५,००० जाणार आणि परत याल तेव्हा हाताशी २,३५,०००, जेमतेम तीन महिन्यांचा खर्च. मुदतीआधी मोडल्याने व्याज कमी मिळेल ते वेगळंच. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई असेल, तर बिनपगारी रजेत तो चालू राहतो का, हे एचआरकडून लेखी घ्या.

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही पाठवलेलं फीचं पत्रक मी दोनदा वाचलं. राहणं, विमानतळावरून ने-आण, अंगकोर वाटच्या दोन सहली, ‘प्रशासकीय खर्च’, आणि अगदी तळाला ‘संस्थेस देणगी १८,०००’. रुपयातले साडेसात पैसे! तुमच्या ऑफिसात असं व्हाउचर आलं असतं तर तुम्ही सही केली असती का?

कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथालयांची संख्या दीडपटीहून जास्त वाढली. मुलं तेवढी अनाथ झाली नव्हती. पाहुणे आणि देणग्या वाढल्या होत्या. तिथल्या संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, हे युनिसेफने कधीच सांगितलंय. गरिबीपायी मूल संस्थेत ठेवलं जातं, आणि पाहुण्यांचा पैसा येत राहिला की ते घरी परत पाठवण्याची घाई कुणालाच नसते. वर दर दोन महिन्यांनी नवी ताई येते, लळा लावते, निघून जाते. एजन्सीने तुमच्याकडे पोलीस व्हेरिफिकेशनही मागितलेलं नाही. म्हणजे तुमच्या आधी आलेल्यांकडेही मागितलं नसणार.

कंबोडिया बघायचाच असेल तर हक्काच्या रजेत दहा दिवस जा, अंगकोर बघा, मजेत या. सेवा मात्र इथे करा. बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांसाठी डोअर स्टेप स्कूल आहे, ससून रुग्णालयात निराधार मुलांना सांभाळणारी सोफोश ही संस्था आहे. त्यांना काय हवंय ते आधी विचारा. मुलांना भरवायला येणारे पुष्कळ असतात. एका छोट्या संस्थेची पावतीपुस्तकं मी पाहिली आहेत: पॅन अर्धवट, एकाच देणगीदाराचं नाव तीन प्रकारे, आणि देणग्यांचं वार्षिक विवरण भरायला मे महिन्यात धावपळ. तुमची बावीस वर्षं तिथे दर दुसऱ्या शनिवारी तीन तास बसली, तर ते काम एजन्सीच्या कुठल्याही पॅकेजात मिळणार नाही. कदाचित तुम्हाला ते कंटाळवाणं वाटेल. मुलांचा सहवासच हवा असेल तर तसं स्पष्ट सांगा. पण मग दोन महिने नको, दोन वर्षं आठवड्याला एक दिवस असं ठरवा.

पैसेही द्यायचे असतील तर महिना ५,००० द्या. चार वर्षांत तेवढेच २,४०,००० होतात, तेही पगारातून, एफडीला हात न लावता. तुम्ही नव्या करप्रणालीत आहात, त्यामुळे देणगीवरची करवजावट मिळणार नाही. तेवढ्यासाठी जुनीत जाऊ नका.

राहिले ते २५,०००. ते गेले. ते वाया जाऊ नयेत म्हणून उरलेले २,१५,००० भरू नका. एजन्सीला आजच रद्द केल्याचा मेल टाका.