सगळ्याला एकच शब्द : राग

"मॅडम, पोरगं हुशार हाय. गणितात पैकीच्या पैकी घेतंय. मग हात आवरायचं एवढं साधं त्याला कसं समजंना?"

इचलकरंजीहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. आठवीतल्या तिच्या मुलानं वर्गमित्राच्या तोंडावर स्टीलची बाटली फेकली होती. मित्राच्या ओठाला दोन टाके पडले. शाळेनं 'पुढच्या वेळी दाखला घेऊन जा' असं सुनावलं होतं. (घरच्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) हाच प्रश्न मला कितीतरी आईवडील विचारतात, म्हणून हा अनुभव.

आधी नेहमीच्या गोष्टी तपासल्या. झोप नीट आहे का, घरात मार बसतो का, शाळेत कुणी छळतंय का. त्यात काही सापडलं नाही. मग तो आणि मी बोलत बसलो. तो खुर्चीच्या फाटक्या रेक्झिनमधून स्पंज उकरत होता.

"बाटली फेकलीस तेव्हा काय वाटत होतं?"

"राग."

"ताईनं तुझी वही घेतली तेव्हा?"

"राग."

"स्कॉलरशिपच्या यादीत नाव आलं नाही तेव्हा?"

"रागच."

"आजी गेली तेव्हा?"

स्पंज उकरणारं बोट थांबलं. बराच वेळ तो गप्प होता. मग हळूच म्हणाला, "राग."

मला तिथंच उत्तर मिळालं. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली. आपल्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, एका भावनेपासून दुसरी वेगळी करणं आणि त्यावरून कसं वागायचं ते ठरवणं, असा तिचा ढोबळ अर्थ. गणितातल्या हुशारीनं ती आपोआप येत नाही. आणि राग गिळून गप्प बसणं म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता, हा समज तर मला फार घातक वाटतो. गिळलेला राग बऱ्याचदा दुसऱ्या कुणावर तरी निघतो.

दुसऱ्या भेटीत मी त्याला काही चित्रं दाखवली. एका चित्रात नळावरच्या रांगेत एका मुलाचा धक्का लागून दुसऱ्याच्या शर्टावर पाणी सांडलंय. "त्यानं मुद्दाम केलं," हा लगेच म्हणाला. पुढच्या चारही चित्रांना तेच उत्तर. मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी 1980 मध्ये मुलांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. हेतू स्पष्ट नसेल, तिथं आक्रमक मुलं समोरच्यानं वाईट हेतूनंच केलं असं धरून वागतात. म्हणजे हात उगारायच्या आधीच समोरच्याचा हेतू ओळखण्यात चूक झालेली असते. सगळ्यांचं असंच असतं असं नाही. काही दांडगट मुलं दुसऱ्याचं मन फार अचूक वाचतात आणि दुखतं तिथंच बोट ठेवतात. त्यांच्याबरोबरचं काम वेगळं. हा त्यातला नव्हता.

मग मी कागदावर आपलेच शब्द लिहिले. चीड, वैताग, हेवा, धास्ती, हिरमुसणं, ओशाळणं, पोरकं वाटणं. त्यानं 'ओशाळणं'चा अर्थ विचारला. मी सांगितला, तसं त्यानं त्या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला. बाटलीच्या आधी सरांनी वर्गात सगळ्यांचे मार्क वाचले होते. त्याचे कमी होते, आणि मागच्या बाकावर तो मित्र हसला होता. "कशाला हसला, विचारलंस?" तो म्हणाला, "नाही."

"राग आधी अंगात कुठं कळतो?" यावर त्यानं क्षणात उत्तर दिलं, "कान तापतात." तीच आमची खूण ठरली. कान तापले की नळावर जायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि कागदावरचा कुठला शब्द लागू पडतो ते शोधायचं.

चौथ्या भेटीला वडील आले. मागावर पाळी करून थेट आलेले, केसांत कापसाची तूस. "आमच्यात पोरानं रडायचं नसतंय," म्हणाले. शाळेनं बोलावलं तेव्हा काय वाटलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "राग." मुलगा त्यांच्याकडं बघत होता. मी कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी बोट फिरवत सगळे शब्द वाचले. "लाज वाटली," ते म्हणाले. मग आणखी हळू आवाजात, "आणि भ्या बी वाटलं. ह्याचं कसं हुणार म्हणून."

सगळं सरळ झालं नाही. मध्ये एकदा त्यानं ताईची जर्नल फाडली. ती त्यानंच चिकटवून दिली, पण दोन दिवसांनी.

परवा आईचा फोन आला. क्रिकेट खेळताना तो धावबाद झाला, बॅट आपटली आणि नळावर गेला. घरी येऊन वडिलांना म्हणाला, "कान तापले हुते. पण राग नव्हता. पहिल्याच बॉलला आउट झालो, त्याचं वाईट वाटत हुतं."

वडिलांनी टीव्ही बंद केला आणि त्याला शेजारी बसायला जागा दिली.