समन्स घेतलं वहिनीने, निकाल लागला तुमच्याविरुद्ध

तुमचं सगळं दोनदा वाचलं. आधी थोडक्यात मांडतो म्हणजे इतरांनाही कळेल. तुम्ही १४ वर्षं चिंचवडला नोकरीला, जमीन सांगली जिल्ह्यात, वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तुमचं आणि बहिणीचं नाव लागलेलं. चुलत भावाने तालुक्याच्या कोर्टात दावा टाकला की रस्त्याकडेचे २२ गुंठे तुमच्या वडिलांनीच १०० च्या स्टँपवर त्याला सोडून दिलेत, तसं जाहीर करा आणि तुम्हाला तिथं यायला निरंतर म्हणजे कायमची मनाई द्या. तुम्ही हजर नाही म्हणून दावा एकतर्फी चालला, डिसेंबरात हुकूमनामा (निकालावरचा औपचारिक आदेश) झाला आणि तुम्हाला पत्ता लागला तो १६ दिवसांपूर्वी, तलाठ्याची फेरफाराची नोटीस आली तेव्हा. ओळखीच्या माणसाने कोर्टात चौकशी केली तर म्हणे समन्स लागू आहे म्हणजे बजावलेलं आहे, घरातल्या बाईने सही करून घेतलंय, आणि ती बाई म्हणजे वादीचीच बायको, तुमची वहिनी. आता मेहुणे म्हणतायत थेट हायकोर्टात जाऊ, स्टे आणू.

मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा, पण हायकोर्टात नको. तुमच्यासारख्या केसमध्ये दाद मागायची ती ज्या कोर्टाने एकतर्फी निकाल दिला त्याच कोर्टात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली. लोकांना हे पटत नाही, ज्या जजने विरुद्ध निकाल दिला त्याच्यासमोर परत कशाला जायचं वाटतं, पण जजने तुमचं ऐकून घेऊन निकाल दिलेलाच नाही ना, त्याच्यासमोर फक्त एका बाजूचे कागद होते. हायकोर्टात थेट अर्ज म्हणजे रिट टाकलीत तर पहिला प्रश्न हाच येईल की खाली उपाय असताना इकडे कसे आलात. तुमची हायकोर्टाची वेळ आलीच तर ती फार पुढे येईल, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगलीसाठी मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे मुंबईच्या खेपा तरी वाचतील.

आता खरा मुद्दा. सगळं एका कागदावर लटकलंय, समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा म्हणजे बेलिफाचा अहवाल. समन्सच्या परतीच्या प्रतीवर मागच्या बाजूला बेलिफ चारपाच ओळी लिहितो, अमुक तारखेला अमुक गावी गेलो, प्रतिवादी घरी मिळाले नाहीत, घरातील प्रौढ व्यक्तीने समन्स स्वीकारलं, खाली सही किंवा अंगठा. कायदा असा आहे की प्रतिवादी घरी नसेल आणि लवकर भेटण्याची शक्यता नसेल तर कुटुंबातल्या प्रौढ माणसाला समन्स देता येतं, बाई असो की पुरुष, पण तो माणूस प्रतिवादीसोबत राहणारा पाहिजे, आदेश ५ नियम १५ मध्ये तसं स्पष्ट आहे. तुम्ही चिंचवडला, वहिनी गावात आणि तीही वादीच्या घरात, मग ती तुमच्यासोबत राहणारी कशी? बेलिफाला बिचाऱ्याला कोण कोणाची कोण हे माहीत नसतं, त्याला दारात जे सांगितलं जातं ते तो लिहितो, आणि पुढे रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, एक ओळ पडते, प्रतिवादी नेमल्या तारखेस गैरहजर, दावा एकतर्फी चालवावा. ही ओळ तुमच्या फाइलमध्ये नक्की सापडेल.

म्हणून उद्याच्या उद्या तालुक्याच्या कोर्टात नक्कल अर्ज टाका, अर्जंट टाका. दाव्याची अर्जी, बेलिफाचा अहवाल समन्सच्या प्रतीसकट, पूर्ण रोजनामा, वादीचं पुराव्याचं शपथपत्र, निकाल आणि हुकूमनामा, एवढं मागा. दाव्याचा नंबर माहीत नसेल तर ई-कोर्ट्सच्या अॅपवर स्वतःचं नाव टाकून शोधा, केसचा सीएनआर (ओळख) नंबरही तिथेच मिळेल.

आणि नक्कल मिळेपर्यंत थांबू नका. मुदत ३० दिवसांची आहे. समन्स नीट बजावलेलं असतं तर ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजली असती म्हणजे केव्हाच संपली असती, पण बजावणी नीट नसेल तर हुकूमनामा झाल्याचं तुम्हाला कळलं त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे १६ गेले, १४ राहिले. अपिलात नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, या अर्जात तशी वजावट नाही, बरेच जण इथेच घसरतात. ई-कोर्टवरची निकालाची प्रत लावून अर्ज आधी दाखल करा आणि नकला मागून जोडा. सोबत विलंब माफीचा अर्जही ठेवा, कारण समोरचा म्हणणारच की तुम्हाला डिसेंबरातच कळलं होतं.

आता तुम्ही शेवटी सहज एक ओळ लिहिलीय तिच्याकडे येतो. मागच्या वर्षी या चुलत भावाच्या मुलाच्या लग्नात भाऊ तुम्हाला म्हणाला की "कोर्टात टाकलंय, तिथंच काय ते बोलू." ही ओळ मला नडतेय. नियम १३ ला एक परंतुक म्हणजे अट आहे, समन्सच्या बजावणीत नुसती चूक झाली म्हणून हुकूमनामा रद्द होत नाही, सुनावणीची तारीख प्रतिवादीला माहीत होती आणि हजर व्हायला पुरेसा वेळही होता असं कोर्टाला दिसलं तर अर्ज फेटाळला जातो. पण बघा, दावा टाकलाय हे कळणं वेगळं आणि तारीख कळणं वेगळं. त्याने तारीख सांगितली होती का? कोणतं कोर्ट हे सांगितलं होतं का? नंतर व्हॉट्सअॅपवर काही पाठवलं होतं का? मोबाइल नीट तपासा, आणि जे असेल ते वकिलाला खरं सांगा. शपथपत्रात "मला काहीच माहीत नव्हतं" असं ठोकून दिलंत आणि उलटतपासात लग्नाचा प्रसंग निघाला तर जजचा तुमच्यावरचा भरवसा तिथेच संपला. त्यापेक्षा सरळ लिहा की बोलण्यात उल्लेख आला होता, ती धमकी वाटली, कोर्ट किंवा तारीख काही सांगितलं नव्हतं.

आणि त्याच लग्नाने तुम्हाला एक हत्यार पण दिलंय. पत्रिका चिंचवडच्या पत्त्यावर पोस्टाने आली असं तुम्ही म्हणता. पाकीट ठेवलंय का? पोस्टाचा शिक्का आणि भावाच्या अक्षरातला चिंचवडचा पत्ता असलेलं ते पाकीट मिळालं तर कपाट उपसायची मेहनत वसूल. ज्याला पत्रिका चिंचवडला पाठवता येते त्याने दाव्यात पत्ता गावचा का टाकला, याचं उत्तर त्याला जड जाईल. बाकी लाइट बिल, पगाराची स्लिप, मुलांच्या शाळेचे कागद हे सगळं लावाच.

हा अर्ज किरकोळ अर्ज म्हणून नोंदला जातो, समोरच्याला नोटीस निघते, त्याचं म्हणणं येतं, गरज पडली तर बेलिफाला साक्षीला बोलावता येतं. त्यासोबत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला तात्पुरती स्थगिती मागायला विसरू नका. अर्ज मंजूर झाला तरी कोर्ट खर्च भरायला लावू शकतं, त्यावर भांडत बसू नका, भरा आणि मुदत मागून कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्या. नामंजूर झाला तर त्या आदेशावर जिल्हा न्यायालयात अपील होतं.

मूळ हुकूमनाम्यावर अपील करण्याचाही रस्ता आहे, दोन्ही एकदम करता येतात हे सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये भानुकुमार जैन विरुद्ध अर्चना कुमार मध्ये सांगितलंय. पण अपील आधी फेटाळलं गेलं तर नियम १३ चा अर्ज बाद, आणि अपिलात तुम्हाला मुळात फाइलवर आहे त्याच पुराव्यावर बोलावं लागतं, स्टँपचा कागद नोंदवलेला नाही वगैरे. तुमचा मुद्दा समन्सचा आहे, तेव्हा मी आधी अर्जच घेतला असता.

तलाठ्याकडे मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. नोंद विवादग्रस्त रजिस्टरला जाईल आणि महसूल अधिकाऱ्यांसमोर सुनावणी लागेल, पण महसूलवाले दिवाणी हुकूमनाम्याच्या वर जाणार नाहीत, यातून मिळतो तो फक्त वेळ. बहिणीला दाव्यात पक्षकार केलेलं आहे का तेही बघा, नसेल तर तिच्या हिश्शाला हा हुकूमनामा बांधत नाही आणि तुमच्या वकिलाला आणखी एक मुद्दा मिळतो.

आणि रागाच्या भरात त्या २२ गुंठ्यांत पाऊल टाकू नका. हुकूमनामा चुकीचा असला तरी रद्द होईपर्यंत जिवंत आहे, मनाई मोडली म्हणून भावाने दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावली तर मालमत्ता जप्ती किंवा दिवाणी कैद, दोन्ही होऊ शकतं. तिथं ऊस तुमचा उभा असला तरी आधी वकिलाला विचारा, मग तोडीला माणसं लावा.